निळी फुंकर

साहेब, त्या शुक्रवारी तुम्ही पहिल्या रांगेत, गादीच्या खुर्चीत बसला होतात. आरोग्य खात्याचा शिक्का तुमच्या टेबलावर असतो. हवा कुठे कोंडते आणि माणसं कशानं खोकतात, हे बघण्याचा पगार तुम्ही घेता. आणि एक भोंदू माणसांच्या तोंडावर फुंकर मारून आजार गेला म्हणून सांगत होता, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. दोन्ही हातांनी वाजवल्यात. सत्तर माणसांनी पाहिलंय. तुमचं नाव इथे लिहिलेलं नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, तेवढं पुरे. पण झालं काय ते आता पहिल्यापासून ऐका, कारण तुम्ही मधेच उठून गेलात. शर्ट बदलायला.

गोष्ट एका लाँड्रीतली आहे. कोपऱ्यावरची टपरी नव्हे, हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुणारा चांगला कारखाना. खाली बॉयलर आणि धुलाईची यंत्रं, वर इस्त्रीचा लांबलचक हॉल. हॉलला अकरा खिडक्या, आणि अकराही खिळे ठोकून बंद. बाहेर बॉयलरचं धुराडं होतं. खिडकी उघडली की काजळी आत यायची आणि पांढऱ्या चादरीवर काळे ठिपके पडायचे. म्हणून चादरी स्वच्छ राहाव्यात यासाठी सत्तर माणसं एकमेकांनी सोडलेल्या श्वासात दिवस काढत.

पहिल्या टेबलावर अक्का. बावीस वर्षं इस्त्री हातात. त्यांच्या हाताखालून गेलेल्या चादरीवर सुरकुती शोधून दाखवणाऱ्याला त्या आपली खुर्ची द्यायला तयार होत्या, आणि बावीस वर्षांत खुर्ची कुणी नेली नव्हती. शेजारी घड्या घालायला त्यांची सख्खी बहीण. तिला अख्खा हॉल धाकटीच म्हणायचा. आणि समोरच्या टेबलावर पिचकारी. हे त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. तोंडात पाणी भरून तो कापडावर असा फवारा मारायचा की कापड भिजतही नसे आणि कोरडंही राहत नसे. फवाऱ्याच्या बाटल्या आल्या होत्या, पण बाटलीनं पाणी मारणं म्हणजे त्याच्या लेखी उसन्या तोंडानं बोलणं.

त्या थंडीत हॉलमध्ये खोकला शिरला. आधी दोघं खोकत होते, मग पाच, मग कोण खोकत नाही तेच मोजणं सोपं झालं. बहुतेकांचा आठ-दहा दिवसांत गेला. धाकटीचा गेला नाही. तीन आठवडे झाले, संध्याकाळी अंग तापायचं, पहाटे उशी घामानं भिजायची, ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घ्यावे लागले. लोक रजा मागू लागले तेव्हा मॅनेजरनं डॉक्टर बोलावला नाही. त्यानं फुंकरबाबा बोलावला.

पहिल्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत हॉल गच्च भरला. जिन्यात माणसं, टेबलांवर माणसं. खालचे बॉयलरवाले काकाही वर आले, जे पगाराशिवाय कधी वर येत नसत. बाबा आला तो पायघोळ पांढऱ्या अंगरख्यात. मागे एक चेला, खांद्यावर जाड कापडाची पिशवी.

"कॉलर कच्ची आहे," पिचकारी अक्कांच्या कानाशी पुटपुटला. "इस्त्री बाहेरून करून आणलेली दिसते."

"बाळांनो," बाबानं सुरुवात केली, "आजार म्हणजे काय? आत साठलेलं धुकं. डॉक्टर गोळी कुठे टाकतो? पोटात. धुकं कुठे? छातीत. आता तुम्हीच सांगा, पत्ता चुकला की नाही?"

लोक हसले. बाबाही हसला, आणि मधेच तोंडाला रुमाल लावून खाकरला. "बघा, तुमचंच धुकं मी ओढून घेतोय. मी नुसता दरवाजा आहे. चराचराचा वारा माझ्यातून वाहतो."

"दरवाजाला कडी आहे का विचार," पिचकारी म्हणाला. अक्कांनी त्याच्या पायावर पाय दिला.

मग चमत्कार सुरू झाला. खोकणाऱ्यानं समोर यायचं. चेला पिशवीतून छोटा गोल आरसा काढी आणि त्याच्या तोंडासमोर धरी. "सोड श्वास." आरसा पांढराफटक होई. "हे बघा धुकं." हॉल हळहळे. बाबा डोळे मिटून त्याच्या तोंडावर तीन फुंकरा मारी, अगदी वीतभर अंतरावरून. तेवढ्यात चेला आरसा पिशवीत घालून पुसून बाहेर काढी. "आता सोड श्वास." माणूस फुफ्फुसं रिकामी होईपर्यंत श्वास सोडी. आरसा लख्ख. त्यात त्याचं स्वतःचं तोंड उघडं दिसे.

धाकटीची पाळी आली. पहिल्यांदा आरसा दुधासारखा झाला. तीन फुंकरा. दुसऱ्यांदा आरशात तिचे मोठे झालेले डोळे तेवढे दिसले. ती रडायलाच लागली. आनंदानं.

"तीन शुक्रवार," बाबा म्हणाला. "मधे गोळी नको, तपासणी नको. दवाखान्याची पायरी चढलात की फुंकर उतरली. मग मला बोल लावू नका."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मॅनेजरची सूचना लागली: फुंकर घेतलेल्या कामगारांना खोकल्यासाठी रजा मिळणार नाही, कारण त्यांना खोकला राहिलेला नाही. सूचना वाचताना निम्मे लोक खोकत होते.

अक्का त्या संध्याकाळी धाकटीच्या घरी गेल्या. एकच खोली. फळीवर डब्यांच्या रांगेत एक प्लॅस्टिकची चपटी डबी होती, थुंकी तपासायला दवाखान्यातून दिलेली. आठवडाभर रिकामी. धाकटीची तीन वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर, आईच्या तोंडाला तोंड लावून खेळत होती.

"डबी अजून इथेच?"

"आता कशाला, अक्का? आरशात तू पाहिलंस ना?"

"पाहिलं. आणि आत्ता दारातून तुझा खोकला ऐकला."

"तो उरलासुरला. बाहेर पडतोय."

"बाहेर पडून जातो कुठे? पोरीच्या तोंडात?"

धाकटीचा चेहरा उतरला, पण ती हटली नाही. "तुला सगळ्यांत खोट दिसते. चादरीत दिसते, माणसात दिसते. आरसा खोटं बोलतो का? तू काय बोलतेस नि बाबा काय बोलतात ते मी बघत नाही. मी आरसा काय दाखवतो ते बघते."

  अक्का चहा न घेता उठल्या.

सोमवारी कामाआधी अक्का बायकांच्या खोलीत पदर खोचत उभ्या होत्या. बॉयलरच्या वाफेनं तिथलं सगळं ओलसर असायचं. मोरीवरचा आरसा धुक्यानं भरलेला. एक बाई आली, रोजच्यासारखी साबणाची वडी उचलली, आरशावर दोन फराटे मारले, फडक्यानं कोरडं घासून लख्ख केलं आणि त्यात बघत टिकली लावली. वाफ तशीच होती. आरसा धुरकट होईना.

अक्का बघतच राहिल्या. बावीस वर्षं त्या स्वतः रोज सकाळी हेच करत होत्या. सत्तरातल्या चाळीस बायका हेच करत होत्या. आणि त्याच चाळीस बायकांनी शुक्रवारी तोच प्रकार पाहून तोंडावर हात ठेवले होते, कारण वडी आपल्या हातात असली की साबण, आणि बाबाच्या पिशवीत असली की दैवी शक्ती.

त्यांनी पिचकारीला बोलावलं. आरशाच्या अर्ध्या भागाला साबण, अर्धा कोरा. "सोड श्वास."

पिचकारीनं श्वास सोडला. अर्धा आरसा पांढरा झाला, अर्ध्यात त्याची मिशी दिसली. त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे मी शुक्रवारी अर्धाच आजारी होतो."

"तू पण गेला होतास फुंकर घ्यायला?"

"रांग होती म्हणून उभा राहिलो."

दुपारी अक्का रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात गेल्या. नर्सबाई सुया मोजत होत्या. वर न बघता त्यांनी ऐकून घेतलं.

"गरम श्वासातली वाफ थंड काचेवर बसते, तेच तुमचं धुकं. तुमचं, माझं, ठणठणीत पैलवानाचंही. साबण लावलेल्या काचेवर पाण्याचे वेगळे थेंब धरत नाहीत, पातळ थर पसरतो, म्हणून काच स्वच्छ दिसते. आरशाचं झालं. आता बहिणीचं बोला. खोकला किती दिवस?"

"तीन आठवडे. संध्याकाळी ताप येतो. वजन उतरलंय."

"खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला की थुंकी तपासायचीच. त्यात ताप, घाम, वजन उतरणं. थुंकीतून रक्त पडलं तर एक दिवसही थांबायचं नाही. टीबी असेलच असं मी म्हणत नाही. पण बघितल्याशिवाय नाही म्हणणाऱ्याला मी मूर्ख म्हणते. असला तर औषध आहे. निदान सहा महिने, एकही दिवस न चुकवता. बरा होतो." मग त्यांनी वर पाहिलं. "हॉलला खिडक्या किती?"

"अकरा."

"उघड्या?"

"बंद. खिळे ठोकलेत."

"हा आजार ताटवाटीतून येत नाही, कपड्यातून येत नाही. खोकणाऱ्याच्या तोंडातून हवेत येतो आणि हवा कोंडली की तिथेच फिरत राहतो. खिळे ठोकले कोणी?"

अक्का जमिनीकडे बघत होत्या. नऊ वर्षांपूर्वी काजळीचा एक ठिपका पडून चादर परत आली होती. तेव्हा मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन, टेबलावर हात आपटून खिळे मागितले होते ते त्यांनीच.

"मी," त्या म्हणाल्या.

नर्सबाईंनी सुया पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. "ठोकलेले खिळे निघतात," त्या म्हणाल्या.

अक्कांनी धाकटीला साबणाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपला आरसा आपला, बाबांचा बाबांचा. त्यांच्यासमोर, त्यांच्या आरशावर दाखव. दाखवलंस तर त्याच दिवशी डबी भरून देईन. नाही दाखवलंस तर पुन्हा विषय काढायचा नाही."

"कबूल," अक्का म्हणाल्या, आणि शुक्रवारच्या तयारीला लागल्या.

दुसरा शुक्रवार. साहेब, इथे तुम्ही आलात. तुम्हाला गादीची खुर्ची, मॅनेजरला लाकडी. बाबानं चार माणसं बरी केली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि दोन शब्दही बोललात: औषध आणि श्रद्धा ही एकाच गाडीची दोन चाकं आहेत. त्या गाडीला ब्रेक आहे का ते तुम्ही सांगितलं नाहीत.

मग अक्का पुढे झाल्या. हातात ओलं फडकं, गरम पाण्यातून नुकतंच पिळलेलं.

"बाबा, माझंही धुकं बघा."

पहिला आरसा. पांढरा. तीन फुंकरा. चेल्याचा हात पिशवीत गेला आणि आरसा बाहेर आला, तोच अक्कांनी त्याच्या हातातून काढून घेतला.

"आमच्याकडे पाहुण्याची वस्तू पुसून देतात," म्हणत त्यांनी गरम फडक्यानं तो खसाखसा पुसला. फडक्याला फेस आला. पांढरा, भरपूर. त्यांनी फडकं उंच धरलं. सत्तर माणसं साबणात हात घालून जगणारी. फेस म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही.

अक्कांनी आरसा थंड पाण्यात बुडवला, कोरडा केला आणि त्यावर श्वास सोडला. आरसा पांढराफटक.

"अरेरे," पिचकारी मोठ्यानं म्हणाला, "आरसा आजारी पडला."

त्याच्या खिशात वडी तयारच होती. त्यानं आरशाला साबण चोळला, बाहीनं पुसला आणि अक्कांपुढे धरला. श्वास. आरसा लख्ख.

"बरा झाला," बॉयलरवाले काका म्हणाले. आणि मागच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघून कपाळावर हात मारले. मोरीवरचा आरसा त्यांना आत्ता आठवला. अक्कांनी चेल्याची पिशवी उलटी केली. त्यातून दुसरा तसाच आरसा पडला, बर्फाच्या पुडीत गुंडाळलेला, पहिल्या श्वासाला पांढरा होणारा.

बाबा मात्र कसलेला होता. "आरसा तुमच्या समजुतीसाठी, बाळांनो. लहान मुलाला खुळखुळा देतात तसा. शक्ती आरशात नाही, फुंकरीत आहे."

"पोचते कुठवर?" अक्कांनी विचारलं.

"या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

"मग दिसू दे ना आम्हाला. डोळ्यांनी." अक्कांनी टेबलाखालून भांडं काढलं. कपड्यांना घालतात ती नीळ, पाण्यात कालवलेली. "घोटभर तोंडात धरा, गिळू नका, आणि मारा फुंकर. जिथवर ठिपके, तिथवर शक्ती."

मॅनेजर उठायला लागला. पण हॉल ओरडत होता, फुंका, फुंका. आणि फुशारकी मारून झाली होती. समोर दोघींनी पांढरी चादर ताणून धरली. बाबानं तोंड भरलं, छाती फुगवली.

फुंकर निम्मी झाली आणि बाबाला खोकला आला.

कितीतरी वेळ दाबून धरलेला, पोटातून येणारा तो खोकला होता. एक, दोन, पाच, सात. चादर निळी झाली. चादर धरणाऱ्या निळ्या झाल्या. मॅनेजरच्या टकलावर नक्षी उमटली. आणि साहेब, तुमचा पांढरा शर्ट. तुम्ही "अरे, अरे" करत उभे राहिलात, रुमालानं पुसलंत आणि ते आणखी पसरलं. नीळ पुसायची नसते, धुवायची असते. इथल्या कुणालाही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. पण तुम्ही जिन्यात पोचला होतात.

हसणं ओसरेपर्यंत अक्का थांबल्या. मग त्यांनी टेप काढली आणि बाबाच्या पायापासून तुमच्या खुर्चीपर्यंत धरली.

"साडेसहा फूट," त्या म्हणाल्या. "आता यातली नीळ काढून टाका. उरलं काय?"

 धाकटीच मागून म्हणाली, "खोकला."

"हे मोठे थेंब, म्हणून दिसले. बारीक असतात ते दिसत नाहीत, आणि ते खालीही पडत नाहीत. कोंडलेल्या हवेत तासन्‌तास तरंगतात. नर्सबाईंनी सांगितलंय. हा माणूस गेल्या शुक्रवारी हाच खोकला घेऊन वीतभर अंतरावरून आपल्या तोंडावर फुंकत होता. आणि आपण रांगा लावल्या." अक्का थांबल्या. पुढचं वाक्य जड होतं. "आणि त्याच्या आधीपासून आपण एकमेकांच्या तोंडात खोकतोय, कारण या खिडक्या बंद आहेत. त्या मी बंद करायला लावल्या. चादरीसाठी. ते चुकलं माझं."

बॉयलरवाल्या काकांनी खालून खिळे उपटायचा हातोडा आणला. पिचकारी टेबलावर चढला. नऊ वर्षांचे खिळे करकरत निघाले. पहिली खिडकी उघडली, गार वारा आत आला, आणि त्याच्याबरोबर काजळी.

"चादरी काळ्या होतील," निळा मॅनेजर म्हणाला.

"धुऊ," अक्का म्हणाल्या. "लाँड्रीच आहे ही."

या गडबडीत बाबा आणि चेला कधी गेले ते कुणाला कळलं नाही. आरसे मात्र राहिले. एक अजून मोरीवर आहे.

धाकटीनं अक्कांची बाही ओढली. "डबी माझ्या पिशवीत आहे. तू बरोबर चल."

तपासणीत टीबी निघाला. ती रडली, नर्सबाईंनी रडू दिलं, आणि मग गोळ्या कशा घ्यायच्या ते तीनदा म्हणवून घेतलं. पहिले काही आठवडे ती घरी राहिली, खिडकीजवळ, तोंडाला कापड बांधून. मुलीला तपासलं. आजार नव्हता. होऊ नये म्हणून तिलाही औषध सुरू झालं. हॉलमधल्या सगळ्यांची तपासणी झाली, आणखी तिघं सापडले, वेळेवर सापडले. पिचकारीनं फवाऱ्याची बाटली घेतली. तिला तो सूनबाई म्हणतो. नवी आहे, शिकेल म्हणतो. आज धाकटीचा सहावा महिना चालू आहे, वजन पाच किलोनं वाढलंय, आणि आत घेतलेले ब्लाउज पुन्हा उसवावे लागले म्हणून ती अक्कांनाच बोल लावते.

मधे एकदा दवाखान्याच्या रांगेत अक्कांना एक ओळखीचा चेहरा दिसला. अंगरखा नव्हता, साधा शर्ट. हातात चपटी डबी. त्याला काय निघालं ते नर्सबाईंनी सांगितलं नाही, आणि ते कुणाला सांगायचंही नसतं. अक्कांनी फक्त सरकून त्याला खिडकीजवळची जागा दिली.

वाचणाऱ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातात दिसली की ओळखायला शिका. खोकताना तोंडावर कोपराची बाही धरा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर डबी भरून द्या. औषध सुरू झालं तर बरं वाटलं म्हणून सोडू नका. आणि कामाच्या जागी खिडकी बंद असेल तर ती कोणासाठी बंद आहे ते विचारा.

आणि आता तुम्ही, साहेब. खिडक्या उघडल्या, पण धुराडं उंच केल्याशिवाय काजळी थांबणार नाही, आणि तो हुकूम तुमच्या खात्यानं काढायचा आहे. लाँड्रीतल्या सत्तर जणांनी सह्या करून तसं पत्र तुम्हाला दिलं. पोच मिळाली, त्यावर तुमचाच शिक्का आहे. पाच महिने झाले. थंडी पुन्हा येईल, मॅनेजर पुन्हा खिळे मागवेल.

इस्त्रीवाल्या एका बाईनं सत्तर माणसांसमोर उभं राहून 'ते चुकलं माझं' म्हटलं. तुम्ही त्याच हॉलमध्ये, त्याच माणसांसमोर कधी उभे राहणार? तारीख सांगा. शर्ट कुठलाही घाला.